बिघाड कुठे आहे, हे आधी विचारा



गिरगावातल्या किंवा लालबागच्या एखाद्या चाळीत रात्री अचानक दिवे गेले की लोक काय करतात, ते तुम्ही पाहिले असेलच. मेणबत्ती शोधण्याच्याही आधी कोणीतरी गॅलरीत येते आणि समोरच्या चाळीकडे पाहते. समोर उजेड असेल तर "आपलेच गेले" असे म्हणत माणसे जिन्याखालच्या मीटरच्या पेटीकडे वळतात. समोरही अंधार असेल तर "सगळीकडचे गेले" असे म्हणून कठड्याला टेकून गप्पा सुरू होतात. हे कोणी कोणाला शिकवलेले नसते. परंतु या साध्या वागण्यात शोध घेण्याची एक उत्तम पद्धत दडलेली आहे. बिघाड कोणी केला, हे विचारण्याआधी तो कुठे आहे, हे विचारायचे आणि त्यासाठी घरातल्या घरात चडफडत न बसता बाहेर डोकावून पाहायचे!

आता दुसरे दृश्य पाहा. त्याच घरातले इंटरनेट बंद पडते. मघाशी शहाण्यासारखे गॅलरीत गेलेले तेच गृहस्थ या वेळी राउटर नावाच्या पेटीचे बटण बंद करतात, पुन्हा चालू करतात, पुन्हा बंद करतात. तेवढ्याने भागले नाही तर "तूच काहीतरी केले असशील" असे धाकट्या मुलाला म्हणतात आणि शेवटी कंपनीच्या नावाने बोटे मोडतात. समोरच्या चाळीकडे पाहण्याची बुद्धी या वेळी कुठे जाते?

माझे असे स्पष्ट मत आहे की, बिघाड शोधण्याची रीत हा विज्ञानशिक्षणाचा अत्यंत महत्त्वाचा भाग आहे आणि आपल्या शाळांत नेमका तोच शिकवला जात नाही. त्याची किंमत पुष्कळदा एखाद्या निरपराध माणसाला मोजावी लागते. हे मी एका प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीवरून सांगतो.

परळच्या शाळेतले कोडे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका शिक्षणसंस्थेच्या दोन शाळा होत्या. एक गिरगावात, दुसरी परळला. दोन्ही शाळांतील संगणक भाड्याने घेतलेल्या एका तारेने जोडलेले होते. विद्यार्थ्यांच्या नोंदी गिरगावच्या संगणकावर असत आणि परळच्या शाळेला इंटरनेटही गिरगावातूनच मिळे. परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असताना एका सोमवारी सकाळी परळच्या सर्व संगणकांचे इंटरनेट बंद पडले.

शनिवारी संध्याकाळी शाळेच्या शिपाईमामांनी संगणकाच्या खोलीतील टेबले सरकवून केर काढला होता. एवढा पुरावा सर्वांना पुरेसा वाटला. "मामांनीच वायर ओढली असणार" असे ठरून गेले. राउटर सात-आठ वेळा बंद-चालू करून झाला. मामांकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. बावीस वर्षे नोकरी केलेला तो माणूस कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

तारेच्या कंपनीला दूरध्वनी केला तेव्हा उत्तर आले, "तुमची लाइन उत्तम आहे. आम्ही आत्ताच तुमच्या परळच्या राउटरवरून गिरगावच्या राउटरला हाक मारून पाहिली. ताबडतोब उत्तर आले." शाळेचे म्हणणे, "आमच्या एकाही संगणकावरून काही चालत नाही." दोघेही हमरीतुमरीवर आले. मित्रहो, यातली गंमत अशी की, दोघेही अगदी खरे बोलत होते! हे कसे शक्य आहे? उत्तर वाचण्यापूर्वी स्वतः विचार करून पाहा. त्यासाठी लागणारी माहिती पुढे देतो.

पाकिटांचा प्रवास

संगणक जी माहिती पाठवतो ती सलग जात नाही. तिचे लहान लहान तुकडे करून जणू पाकिटांत भरले जातात. प्रत्येक पाकिटावर ते कोणाला जायचे आहे त्याचा पत्ता असतो आणि पाठवणाऱ्याचाही पत्ता असतो. राउटर म्हणजे या पाकिटांच्या वाटेवरचा नाका. पाकीट आले की राउटर त्यावरचा पोचण्याचा पत्ता वाचतो, आपल्याजवळच्या यादीत पाहतो आणि ते योग्य त्या तारेवर सोडून देतो. संपूर्ण प्रवासाचा नकाशा त्याच्याजवळ नसतो. "या पत्त्यासाठी पुढचा नाका कोणता" एवढेच त्याला ठाऊक असते.

मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. लालबागच्या घरातून उचललेला जेवणाचा डबा फोर्टातल्या कचेरीत पोचतो, तेव्हा तो तीन-चार डबेवाल्यांच्या हातांतून जातो. झाकणावरच्या खुणेवरून प्रत्येक जण आपल्यापुरते पुढचे ठिकाण ओळखतो. राउटरचे काम असेच चालते. मात्र एक मोठा फरक आहे. डबेवाला डबा टाकून देत नाही. राउटरला पुढची वाट सापडली नाही किंवा फार गर्दी झाली, तर तो पाकीट सरळ टाकून देतो, आणि पुष्कळदा तसे कळवतही नाही.

घरातले किंवा एका इमारतीतले संगणक जोडले की लहान जाळे होते. दूरदूरची अशी जाळी एकमेकांना जोडली की वाइड एरिया नेटवर्क तयार होते. परळ ते गिरगाव हे त्याचे छोटे उदाहरण, तर साऱ्या जगाला जोडणारे इंटरनेट हे सर्वांत मोठे. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली आणि मुंबई हे तिच्या पहिल्या शहरांपैकी एक होते.

लहान जाळ्यात काही बिघडले तर तार डोळ्यांनी पाहता येते. मोठ्या जाळ्यात तसे करता येत नाही. मधला रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात असतो, कधी तो समुद्राच्या तळाशी असतो. अशा वेळी न दिसणाऱ्या ठिकाणी काय बिघडले, ते दिसणाऱ्या खुणांवरून ओळखावे लागते. म्हणूनच या कामाला मी विज्ञान म्हणतो. भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीच्या पोटातील थर ओळखणारा शास्त्रज्ञ याहून वेगळे काय करतो?

हाक मारण्याची साधने

अशा शोधासाठी दोन सोपी साधने प्रत्येक संगणकात असतात. पहिले पिंग. माइक मूस या अमेरिकन अभियंत्याने डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिले. तेही एका जाळ्यातील विचित्र बिघाड शोधताना! पाणबुडीचा शोध घेण्यासाठी ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले. पिंग दूरच्या संगणकाला एक छोटे पाकीट पाठवते आणि उत्तर किती वेळाने आले, ते सांगते.

दुसरे साधन ट्रेसरूट. विंडोजच्या संगणकावर त्याचे नाव आखूड करून ट्रेसर्ट केलेले आहे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये ते तयार केले. त्यामागची युक्ती फार सुंदर आहे. प्रत्येक पाकिटावर एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की पाकीट टाकून द्यायचे आणि पाठवणाऱ्याला तसे कळवायचे, असा नियम आहे. वाट चुकलेली पाकिटे जाळ्यात कायमची फिरत राहू नयेत, यासाठी तो केलेला आहे. जेकबसन यांनी या नियमाचा वेगळाच उपयोग केला. पहिल्या पाकिटावर मुद्दाम १ लिहायचा. ते पहिल्याच राउटरवर संपते आणि तो राउटर स्वतःचा पत्ता कळवतो. दुसऱ्यावर २ लिहिला की दुसरा राउटर कळवतो. असे करत वाटेवरच्या सर्व नाक्यांची यादी घरबसल्या मिळते! ज्याने उत्तर दिले नाही, त्याच्या जागी तारका उमटतात.

आता परळच्या शाळेकडे वळू. तिथल्या संगणकावर ट्रेसरूट चालवले तेव्हा पहिल्या ओळीत परळच्या राउटरचे उत्तर आले आणि नंतर सगळ्या तारकाच. "बघा, परळच्या पुढे तार तुटली आहे" असे सर्वांनी म्हटले. मी त्या दिवशी तिथे होतो आणि मलाही तसेच वाटले होते, हे मी कबूल करतो.

नववीतल्या एका मुलीने संगणकाच्या बाईंना विचारले, "बाई, आपले तिकडे पोचत नाही, की तिकडचे उत्तर इकडे येत नाही?"

प्रश्न ऐकून आम्ही मोठी माणसे गप्प झालो. तारकांचा अर्थ एवढाच की उत्तर आले नाही. पाकीट पोचलेच नाही, असा अर्थ आम्ही पदरचा घालून काढला होता. पाकीट पोचले असेल आणि उत्तर परतीच्या वाटेवर हरवले असेल, तरीही इकडे तारकाच दिसणार. काही राउटर तर अशा हाकांना उत्तर द्यायचेच नाही, असे ठरवून ठेवलेले असतात. शिवाय इंटरनेटवर जाण्याची वाट आणि परत येण्याची वाट एकच असते, असेही नाही.

मग बाईंनी गिरगावच्या शाळेत दूरध्वनी केला. तिकडच्या शिक्षकांनी आपल्या संगणकावर येणारी पाकिटे दाखवणारा कार्यक्रम लावला. परळहून मोजून २० हाका मारण्यात आल्या. गिरगावात २० पाकिटे पोचली. परळला मात्र एकही उत्तर आले नाही. म्हणजे तार शाबूत होती, परळचा राउटर शाबूत होता आणि शिपाईमामांनी केर काढताना काहीही बिघडवलेले नव्हते! बिघाड परतीच्या वाटेवर, गिरगावच्या बाजूला होता.

पुढचा प्रश्न साहजिकच होता, "शनिवारी गिरगावात काय बदलले?" तेव्हा कळले की, तिथला जुना राउटर बंद पडल्यामुळे शनिवारी दुपारी नवा बसवला होता. नव्या राउटरला गिरगावचे संगणक ठाऊक होते आणि इंटरनेटची वाटही ठाऊक होती. परंतु "परळच्या शाळेच्या पत्त्यांची पाकिटे या तारेवर सोडावीत" ही एक ओळ त्याच्या यादीत लिहायची राहून गेली होती. त्यामुळे परळसाठीची उत्तरे तो इंटरनेटच्या वाटेने भलतीकडेच पाठवत होता.

आता कंपनीचे म्हणणे खरे कसे, तेही उलगडते. त्यांनी हाक मारली ती परळच्या राउटरवरून. त्या हाकेवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता होता जोडणाऱ्या तारेच्या परळकडील टोकाचा. तारेचे दुसरे टोक गिरगावच्या राउटरमध्येच असल्यामुळे तो पत्ता त्याला आपोआप माहीत होता. मुलांच्या संगणकांचे पत्ते मात्र परळच्या शाळेच्या आतल्या जाळ्यातले होते आणि ते त्याला अनोळखी होते. लाइन उत्तम होती, हेही खरे. काही चालत नव्हते, हेही खरे.

यादीत ती एक ओळ घातली आणि मिनिटाभरात परळचे संगणक सुरू झाले. मुख्याध्यापकांनी मामांना बोलावून घेतले, सर्वांसमोर आपली चूक मान्य केली आणि खुलाशाचा कागद फाडून टाकला. अर्ज वेळेवर भरले गेले. परंतु मला त्या दिवशीचे आठवते ते हेच की, नववीतल्या मुलीला तो प्रश्न सुचला नसता, तर एका भल्या माणसाच्या नावावर कायमचा डाग राहिला असता.

दीडशे वर्षांची जुनी विद्या

न दिसणारा बिघाड दुरून ओळखण्याची ही विद्या काही संगणकांबरोबर जन्मलेली नाही. मुंबई आणि एडन यांना जोडणारी तारायंत्राची समुद्री तार १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने टाकली. समुद्राखालची तार बिघडली तर ती कुठे बिघडली, हे शोधायला सगळीच तार वर काढणे शक्य नव्हते. त्या काळचे अभियंते किनाऱ्यावर बसून तारेचा विद्युतरोध मोजत. तुम्ही ओमचा नियम शिकला आहात. समजा, तारेच्या दर किलोमीटरला ५ ओम रोध आहे. तार तुटून तिचे टोक समुद्राच्या पाण्याला टेकले आणि किनाऱ्यावरून मोजलेला रोध १,५०० ओम भरला, तर बिघाड सुमारे ३०० किलोमीटरवर असणार. प्रत्यक्षात तुटलेल्या टोकाचाही रोध त्यात मिसळतो, म्हणून आणखी काळजी घ्यावी लागे. पण मूळ कल्पना हीच. पुढे तुम्ही व्हीटस्टन सेतू शिकाल. त्याच्याच तत्त्वावर तारेतील बिघाडाची जागा काढण्याच्या रीती बसवल्या आहेत.

आजच्या तारा काचेच्या आहेत आणि त्यांतून प्रकाश जातो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. तार तुटली की तंत्रज्ञ एका टोकातून प्रकाशाचा क्षणिक झोत सोडतात आणि तुटलेल्या ठिकाणाहून परावर्तन होऊन तो किती वेळाने परत आला, ते मोजतात. समजा, दादरहून परळच्या दिशेने झोत सोडला आणि तो ३० मायक्रोसेकंदांनी परत आला. एवढ्या वेळात प्रकाश ६ किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ६, म्हणजे बिघाड ३ किलोमीटरवर. आंबेडकर रस्त्याने हिंदमाता आणि परळ ओलांडून जवळजवळ लालबागपर्यंत! मात्र तार जागोजागी वेटोळी करून ठेवलेली असते, त्यामुळे तारेची लांबी रस्त्याहून जास्त भरते. म्हणून शहाणा तंत्रज्ञ लालबागच्या थोडे अलीकडेच शोध सुरू करतो आणि प्रथम विचारतो, "इथे रस्ता कोणी खणला आहे का?"

नुसत्या वेळेवरून वाटही ओळखता येते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन तारा तुटल्या. या दोन्ही तारा मुंबईलाही येतात. भारताची पश्चिमेकडची इंटरनेटची क्षमता जवळजवळ निम्म्याने घटली आणि मुंबईतल्या कचेऱ्यांत कामे रखडली. तारा दुरुस्त होण्यास सुमारे दहा दिवस लागले. तोवर पुष्कळशी पाकिटे पूर्वेकडे वळवली गेली. सिंगापूर, पॅसिफिक महासागर, अमेरिका आणि मग युरोप असा हा प्रवास. विसर्जनाच्या दिवशी लालबागचा रस्ता बंद झाला की बस दुसऱ्या रस्त्याने वळसा घेऊन जाते, तसेच हे.

आता गणित करा. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाण्यायेण्याचे १४,४०० किलोमीटर. प्रकाशाला काचेतून त्यासाठी ७२ मिलिसेकंद लागतात. तार सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून जास्त लागेल, पण कमी कधीच लागणार नाही. पूर्वेच्या वळशाने एका बाजूचे अंतर सुमारे २७,००० किलोमीटर होते आणि जाण्यायेण्याला निदान २७० मिलिसेकंद लागतात. म्हणजे गिरगावातल्या खोलीत बसून लंडनच्या संगणकाला पिंग करणारा विद्यार्थी उत्तर ३०० मिलिसेकंदांहून उशिरा येते असे पाहिले, तर "आज पाकिटे बहुधा लांबच्या वाटेने जात आहेत" असा तर्क करू शकतो. तो तर्कच असतो, कारण गर्दीमुळेही उशीर होतो. मग ट्रेसरूटने त्याचा पडताळा पाहायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ तारांना इजा होऊन आपल्याकडचे इंटरनेट मंदावले, तेव्हाही हे करून पाहता आले असते.

कधी तारा शाबूत असतात आणि चूक माणसाच्या आज्ञेत असते. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. नेहमीच्या देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे त्या कंपनीच्या संगणककेंद्रांना जोडणारे जाळेच तुटले आणि पाठोपाठ तिच्याकडे जाण्याच्या वाटा इंटरनेटवरील राउटरांच्या याद्यांतून नाहीशा झाल्या. त्या रात्री तुमच्या घरातला राउटर कोणी बंद-चालू केला होता का, ते आठवून पाहा. दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहिले असते, तर बिघाड आपल्या घरी नाही, हे क्षणात कळले असते. समोरच्या चाळीकडे पाहणे म्हणजे हेच.

मधोमध पाहा

तर मग बिघाड शोधावा कसा? मला चार प्रश्न महत्त्वाचे वाटतात. बिघाड एकट्याचा आहे की सर्वांचा? पाकीट कुठपर्यंत जाते आणि उत्तर कुठून परतते? हे केव्हापासून झाले आणि त्याच्या आधी काय बदलले? आणि चौथा, माझा तर्क चुकीचा असेल तर मला काय दिसले पाहिजे? हा चौथा प्रश्न आम्ही परळला विचारला नव्हता.

एक युक्तीही लक्षात ठेवा. वाटेवर १६ टप्पे असतील तर पहिल्यापासून एकेक तपासत बसू नका. आठव्या टप्प्यावर पाहा. तिथपर्यंत ठीक असेल तर पहिले आठ टप्पे एकदम निर्दोष ठरतात. मग उरलेल्यांच्या मध्यावर पाहा. बिघाड एकच असेल, तर अशा चार तपासण्यांत त्याचा टप्पा नक्की सापडतो. एकेक करत गेलात तर पंधरा तपासण्याही लागू शकतील. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन तारा आणि एक पेटी एकदम बदलून काम सुरू झाले, तर कशामुळे सुरू झाले, हे कधीच कळणार नाही.

कदाचित तुम्ही म्हणाल, "राउटर बंद-चालू केला की पुष्कळदा काम होते, मग एवढा खटाटोप कशाला?" हे खरे आहे. त्यामुळे राउटरची स्मृती कोरी होते आणि तो नव्याने जोडणी करतो. माझा त्या बटणावर राग नाही. परंतु बटण दाबताच आधीच्या खुणाही पुसल्या जातात. कोणता दिवा लागला होता, कोणता विझला होता, किती वाजता बंद पडले, हे आधी वहीत लिहा आणि मग बटण दाबा. रोग्याला औषध देण्यापूर्वी डॉक्टर ताप पाहतात, तसेच.

शिक्षकांना एक विनंती

आमच्या प्रयोगशाळांत सगळे प्रयोग यशस्वीच व्हावे लागतात. दिवा पेटला की गुण मिळतात. पेटला नाही तर विद्यार्थी शेजाऱ्याच्या वहीतील वाचन उतरवून घेतो. वास्तविक न पेटलेला दिवा हाच अधिक चांगला धडा आहे. शिक्षकांनी महिन्यातून एक तास घंटी, बटण, घट आणि तारा यांच्या साध्या मंडलात मुद्दाम एक बिघाड लपवून ठेवावा आणि तो कोणत्या क्रमाने शोधला, यासाठी गुण द्यावेत. याला एक पैसाही जास्त लागत नाही.

दुसरे म्हणजे, शाळेतल्या राउटरशेजारी दोऱ्याला बांधलेली एक बिघाडवही असावी आणि भिंतीवर शाळेच्या जाळ्याचा मुलांनी काढलेला नकाशा असावा. कोणत्या दिवशी काय बंद पडले, आधी काय बदलले होते, शोध कसा लागला, हे वहीत लिहावे. वर्षभरात ती वही कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकी शिकवील.

काही शिक्षक म्हणतील, मुले यंत्रांशी खेळून आणखी बिघाड करतील. ही भीती अगदीच अनाठायी नाही. परंतु पाहणे आणि बदलणे यांत फरक आहे. दिवे पाहणे, पिंग करणे, वेळ लिहिणे, नकाशा काढणे यांनी काहीही बिघडत नाही. राउटरची यादी बदलण्याचे काम शिक्षकांचे किंवा तंत्रज्ञाचे, आणि विजेच्या पेटीला मुलांनी हात लावायचाच नाही, हा नियम घालून द्यावा. मुलांनी पुरावा गोळा करावा. पुरावा हाती असला की तंत्रज्ञाशी भांडणही होत नाही. "नेट बंद आहे" असे न सांगता "परळहून गेलेली २० पाकिटे गिरगावला पोचतात, पण उत्तर एकही येत नाही" असे सांगितले, तर त्याचेही निम्मे काम होते.

मित्रहो, तुमच्यापैकी सगळेच काही अभियंते होणार नाहीत. परंतु घरात पैसे हरवतील, वर्गात एखादी वस्तू फुटेल, कामात हिशेब चुकेल, अशा वेळी बोट दाखवायला जवळचे, गरीब, न बोलणारे माणूस नेहमीच सापडते. तेव्हा परळच्या त्या मुलीची आठवण ठेवा. पुढच्या वेळी घरातले इंटरनेट बंद पडले की बटणाकडे हात नेण्याआधी वही काढा, शेजारी विचारा, दिवे पाहा आणि एक पिंग करून बघा. काय आढळले, ते वर्गात सर्वांना वाचून दाखवा. तर्क चुकला असेल तर तेही जरूर सांगा!